वातकुक्कुट आणि त्याचे घडविणारे

वारंवार मत बदलणाऱ्या मनुष्यास इंग्रजींत वातकुक्कुटाची उपमा देतात, व इंग्रजी वाङ्मयाच्या परिचयाबरोबर ती उपमा आपल्याकडील सुशिक्षितांसहि ओळखीची झाली आहे. आपल्या घरांवर वातकुक्कुट बसविण्याची चाल नाहीं. देवळाच्या शिखरावरील पताका वाऱ्याचा रोख सांगते. तेवढ्यानें आपलें काम भागत आलें. त्यामुळें हें यंत्र आपल्यापैकीं बहुतेकांस ठाऊक आहे तें शाळेंतील भूगोलाच्या पुस्तकांतल्या चित्रावरून : एक उभा दांडा, त्यावर चार दिशांचीं चार अक्षरें, आणि सर्वांत वर बाणावर उभा असलेला कोंबडा. पण तो कोंबडा घडवितात कसा, तो कोणीं घडविला आणि त्याच्या सांगण्यावर कोणाचें काय अवलंबून होतें, याचा विचार सहसा होत नाहीं. तो केल्यास ती उपमा या पक्ष्यावर अन्याय करणारी आहे असें दिसून येईल.

प्रथम यंत्राचें तत्त्व पाहूं. उभ्या आंसावर फिरणारा एक पत्रा घ्यावा. आंसाच्या एका बाजूस पत्र्याचें क्षेत्र थोडें व दुसऱ्या बाजूस अधिक असलें, म्हणजे वारा अधिक क्षेत्राची बाजू मागें लोटतो आणि अरुंद बाजू आपोआप वाऱ्याच्या उगमाकडे वळते. म्हणूनच कोंबड्याचें शेपूट भव्य व चोंच बारीक असते. वारा जिकडून येतो त्या दिशेचें नांव त्यास द्यावयाचें, ही जी जगभर रीत आहे, तिच्याशीं हें जुळतें. नैर्ऋत्येचा वारा वाहत असतां चोंच नैर्ऋत्येकडेच असते. परंतु एवढ्यानें भागत नाहीं. क्षेत्र दोहों बाजूंस विषम हवें, पण वजन मात्र सम हवें. वजन एकीकडे अधिक झालें, तर आंस एका अंगानें दाबला जातो, घासतो, आणि मंद वाऱ्यांत पक्षी जागचा हालत नाहीं. क्षेत्र विषम व वजन सम, हा परस्परविरोधी भासणारा नियम संभाळून शिवाय आकृति सुंदर करावयाची, ही या कारागिराची खरी परीक्षा होय. वातकुक्कुटाचा इतिहास म्हणजे या एका कोड्याला निरनिराळ्या काळांतील लोकांनीं निरनिराळ्या धातूंत दिलेलीं उत्तरें होत.

त्यांपैकीं पहिलें प्रसिद्ध उत्तर अथेन्सचें आहे. ख्रिस्तपूर्व दुसऱ्या किंवा पहिल्या शतकांत अँड्रोनिकस नांवाच्या ज्योतिर्विदानें तेथें संगमरवराचा एक अष्टकोनी मनोरा बांधला. आठ वाऱ्यांच्या आठ मूर्ति आठ बाजूंवर कोरलेल्या, आणि शिखरावर ब्राँझचा ट्रायटन. म्हणजे ग्रीक पुराणांतील अर्धा मनुष्य व अर्धा मत्स्य असा एक जलदेव. जो वारा वाहत असेल त्याच्या मूर्तीवर ट्रायटनच्या हातांतील छडी येऊन थांबे, असें रोमन वास्तुशास्त्रज्ञ व्हिट्रुव्हिअस सांगतो. मनोरा अद्यापि उभा आहे. ट्रायटन मात्र नाहींसा झाला आहे. त्याच सुमारास व्हॅरो नांवाच्या रोमन पंडितानें आपल्या कॅसिनम येथील पक्षिगृहाच्या घुमटास आंतल्या बाजूनें आठ वाऱ्यांचें चक्र व एक कांटा बसविला होता. बाहेर कोणता वारा सुटला आहे, हें तेथें आंत बसून कळे. घरांत बसून वाऱ्याची बातमी मिळविण्याची ही हौस पुढें एका राजालाहि होती. ती हकीकत यथाक्रम येईल.

या यंत्रावर कोंबडा चढला तो ख्रिस्ती धर्माच्या द्वारें. कोंबडा आरवण्यापूर्वीं पीटरनें आपल्या गुरूला तीन वेळां नाकारलें, ही बायबलांतील कथा. तेव्हांपासून कोंबडा हा सावधपणाची व पश्चात्तापाची खूण झाला, आणि त्याला प्रार्थनामंदिराच्या कळसावर मानाची जागा मिळाली. इटलींतील ब्रेशिआ येथें राम्पेर्तो नांवाच्या बिशपनें नवव्या शतकांत करविलेला तांब्याचा कोंबडा आज त्या शहराच्या संग्रहालयांत आहे. हजार वर्षांहून अधिक काळ टिकलेला हा पक्षी उपलब्ध वातकुक्कुटांत सर्वांत जुना समजतात. इंग्लंडवरील नॉर्मन स्वारीचा वृत्तांत ज्या प्रसिद्ध बायू येथील भरतकामांत चितारला आहे, त्यांत वेस्टमिन्स्टरच्या मंदिरावर कोंबडा बसवीत असलेला एक मनुष्य दिसतो. तें मंदिर इ. स. १०६५ च्या अखेरीस पावन करण्यांत आलें. इमारत नुकतीच पुरी झाली, हें सांगण्यासाठीं भरतकाम करणाऱ्यांना याहून बोलकी खूण सुचली नसावी.

उत्तरेकडील दर्यावर्दी लोकांची परंपरा निराळी होती. नॉर्वे-स्वीडनमध्यें सोन्याचा मुलामा दिलेलीं धातूचीं निशाणें सांपडलीं आहेत. त्यांची वरची कड सरळ, खालची कड कमानीसारखी, अंगावर श्वापदांची व वेलबुट्टीची नक्षी, आणि खालच्या कडेला ओळीनें भोकें. हीं निशाणें मूळ गलबतांवर होतीं असें मानतात. पुढें तीं गांवोगांवच्या प्रार्थनामंदिरांवर गेलीं, व तेथें राहिल्यामुळेंच वांचलीं. वातकुक्कुटाला इंग्रजींत जो दुसरा शब्द आहे, ‘व्हेन’, त्याचा मूळ अर्थ निशाण असाच होता. जर्मन भाषेंत निशाणाला आजहि ‘फाने’ म्हणतात. कापडाचें निशाण पावसानें कुजतें, वाऱ्यानें फाटतें; तेंच धातूचें केलें कीं टिकतें. आपली देवळावरील पताका आणि युरोपांतील हा पत्र्याचा पक्षी, दोघेहि एकाच जातीचें काम करणारे. मात्र पताका वाऱ्याच्या आधीन होऊन पलीकडे फडकते, व कोंबडा वाऱ्याकडे तोंड करून उभा राहतो, हा फरक लक्षांत ठेवण्यासारखा आहे.

कळसावरील वस्तु घडवितांना जी एक अडचण येते, तिचें उत्तम उदाहरण लंडन शहरीं मिळतें. १६६६ च्या महाअग्नींत जळालेलें सेंट मेरी-ले-बो हें मंदिर सर ख्रिस्तोफर रेन यानें पुन्हा बांधलें, आणि १६८० मध्यें त्याच्या मनोऱ्यावर तांब्याचा एक पंखवाला सर्प, म्हणजे ‘ड्रॅगन’, चढविला. हा मनोरा दोनशें फुटांहून उंच आहे. जी वस्तु हातांत घेतली असतां अक्राळविक्राळ वाटते, ती एवढ्या उंचीवर चिमणीएवढी दिसते. मग माप कसें ठरवावें? त्या वेळच्या हिशेबांत एडवर्ड पिअर्स नांवाच्या पाथरवटाला ४ पौंड दिल्याची नोंद आहे : त्यानें ड्रॅगनचा लांकडी नमुना कोरला, व योग्य मोठेपणा नजरेनें ठरवितां यावा म्हणून त्याच आकाराची एक फळी कापून दिली. त्यानंतर रॉबर्ट बर्ड या तांबटानें तो नमुना तांब्यांत उतरविला. आधीं लांकूड, मग डोळ्यांची खात्री, मग धातु, हा क्रम उगाच नव्हता. तांबें महाग, आणि एकदां वर चढविलेली चूक उतरविणें त्याहून महाग.

त्याच शहरांत, त्याच दशकांत, एका वातकुक्कुटाकडे एक राजा जिवाच्या आकांतानें पाहत होता. दुसरा जेम्स हा कॅथॉलिक पंथाचा. प्रजा बहुतांशीं प्रॉटेस्टंट. त्यानें १६८६ मध्यें व्हाइटहॉल राजवाड्यांतील बँक्वेटिंग हाउसच्या छपराच्या उत्तर टोकास एक वातदर्शक उभारला. याच इमारतीसमोर १६४९ मध्यें त्याच्या बापाचा शिरच्छेद झाला होता. १६८८ च्या शरद् ऋतूंत राजाचा जांवई, ऑरेंजचा विल्यम, हॉलंडांत आरमार सज्ज करून बसला, आणि सर्व इंग्लंडची दृष्टि वाऱ्याकडे लागली. वारा पश्चिमेचा असेतों विल्यमला निघतां येत नव्हतें. पूर्वेचा सुटला कीं त्याचीं गलबतें इंग्लंडला लागणार. लोक पश्चिमेच्या वाऱ्याला पोपचा वारा व पूर्वेच्या वाऱ्याला प्रॉटेस्टंट वारा म्हणूं लागले. ऑक्टोबरांत विल्यम एकदां निघाला, तों तुफानानें त्यास परत लोटलें. नोव्हेंबरच्या आरंभीं वारा पूर्वेचा झाला. त्याच वाऱ्यानें विल्यमचीं गलबतें पुढें नेलीं व राजाचें आरमार थेम्सच्या मुखाशीं कोंडून ठेवलें. ५ नोव्हेंबर रोजीं विल्यम टॉर्बे येथें उतरला, आणि डिसेंबरांत जेम्स देश सोडून पळाला. त्या छपरावरील वातदर्शकानें राजाची भीड धरली नाहीं, कीं वैऱ्याचा पक्ष घेतला नाहीं. जें होतें तें सांगितलें. विल्यमला या यंत्राची किंमत चांगली कळली असावी. त्यानें आपल्या केन्सिंग्टनच्या वाड्यांत १६९४ मध्यें रॉबर्ट नॉर्डन यानें रंगविलेला नकाशा व त्यावर फिरणारा कांटा बसवून घेतला. हा कांटा छपरावरील वातदर्शकाला जोडलेला होता. व्हॅरोच्या पक्षिगृहांतील कल्पना सतरा शतकांनीं राजाच्या दालनांत आली, ती अशी.

अटलांटिकच्या पलीकडे गेलेल्या लोकांनीं ही विद्या बरोबर नेली. बॉस्टन येथील शेम ड्राउन नांवाच्या तांबटानें १७४२ मध्यें फॅन्युअल हॉल या बाजारगृहासाठीं तांब्याचा एक सोनेरी नाकतोडा घडविला. त्याला कांचेचे डोळे आहेत. लंडनच्या रॉयल एक्स्चेंजवर ग्रेशॅम घराण्याचें चिन्ह म्हणून नाकतोडा होता, त्यावरून ही कल्पना घेतली असावी असें समजतात. १७५५ च्या नोव्हेंबरांत झालेल्या भूकंपांत नाकतोडा खालीं पडला. त्याची दुरुस्ती झाली. १७६१ मध्यें इमारतीला आग लागली. त्यांतूनहि तो वांचला. १७६८ मध्यें ड्राउनचा मुलगा टॉमस यानें त्यास पुन्हा नीट केलें, आणि बापानें तो केव्हां घडविला, तो केव्हां पडला, हें एका चिठ्ठींत लिहून ती नाकतोड्याच्या पोटांत ठेवून दिली. खालच्या सभागृहांत अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या सभा गाजल्या. वर हा नाकतोडा वारा सांगत राहिला. १९७४ मध्यें तो एकाएकीं नाहींसा झाला, तेव्हां शहरांत खळबळ उडाली. तो त्याच इमारतीच्या मनोऱ्यांत लपविलेला सांपडला. ज्या वस्तूकडे लोक क्वचित् मान वर करून पाहतात, तिच्यावर त्यांचा जीव किती जडलेला असतो, हें ती हरवल्यावर कळतें.

वजन व क्षेत्र यांचें कोडें तेव्हांचे कारागीर कसें सोडवीत, हें जॉर्ज वॉशिंग्टनच्या घरावरील पारव्यांत दिसतें. १७८७ मध्यें राज्यघटनेची परिषद चालूं असतां वॉशिंग्टननें फिलाडेल्फिया येथील जोसेफ रेकस्ट्रॉ याजकडून आपल्या माउंट व्हर्नन येथील घरासाठीं ऑलिव्हची डहाळी चोंचींत धरलेला पारवा करवून घेतला. अंग तांब्याचें, पट्ट्या लोखंडाच्या, आणि डोकें शिशाचें. शिसें भारी असल्यानें लहानशा डोक्यांत शेपटाच्या तोलाचें वजन मावतें. क्षेत्र विषम राहून वजन सम होतें. चोंच काळी व डहाळी हिरवी रंगवावी, अशी सूचनाहि वॉशिंग्टननें घरीं लिहून कळविली होती. नव्या राष्ट्राची घटना घडवीत असतां पक्ष्याच्या चोंचीचा रंग त्याच्या ध्यानांतून सुटला नाहीं.

पुढें एकोणिसाव्या शतकांत अमेरिकेंत हा धंदा कारखान्यांत गेला. लांकडी नमुन्यावरून लोखंडी सांचा ओतीत. त्यांत तांब्याचा पत्रा ठोकून उजवें व डावें अशीं दोन अंगें काढीत, तीं डाखानें जोडीत, आणि वरून सोन्याचा वर्ख चढवीत. पुण्याच्या तांबट आळींत ज्यानें तांबटांचें मठारकाम पाहिलें आहे, त्यास ही क्रिया निराळी समजावून देण्याचें कारण नाहीं. १८५६ मध्यें बेसेमरनें पोलाद स्वस्तांत करण्याची रीत काढली, आणि कालांतरानें पोलादाचा पत्रा लहानशा लोहाराच्याहि आटोक्यांत आला. त्याबरोबर वातकुक्कुटाची कलाच पालटली. तांब्याचा पक्षी अंगानें भरीव दिसतो. पोलादाचा पक्षी सपाट असतो. त्याचें सौंदर्य सगळें बाह्यरेषेंत. आकाशाच्या उजेडावर उमटलेली ती काळी छायाकृतिच असते.

म्हणून पोलादाच्या कारागिराला पहिली शिकवण मिळते ती गाळण्याची. कागदावर काढलेलें प्रत्येक पीस पत्र्यांत उतरवूं गेल्यास खालून नुसता डाग दिसतो. दोन पायांमधील मोकळी जागा, तुऱ्याचे तीन-चार ठळक दांते, डोळ्याच्या जागीं आरपार भोंक, एवढ्यानें कोंबडा जिवंत होतो. आकृति पूर्वीं छिनीनें व करवतीनें कापीत; विसाव्या शतकांत वायूच्या ज्योतीनें कापूं लागले; आज गणकयंत्राच्या आज्ञेनें चालणारा लेसर किरण तेंच काम क्षणांत करतो. पण कापलेल्या कडेवरून कानस फिरवावीच लागते. मग पत्रा एखाद्या पातळ धारेवर आडवा तोलून त्याचा गुरुत्वमध्य काढतात, आणि आंस त्याच रेषेवर घेतात. शेपटाचें क्षेत्र पुरेसें मागें पडत नसेल, तर चोंचीकडे किंवा बाणाच्या टोकाकडे वजन वाढवितात. शेवटीं पत्र्याला एक नळी जोडावयाची. तिचें वरचें तोंड बंद. ही नळी उभ्या दांड्यावर टोपीसारखी बसते, आणि दांड्याचें टोक व नळीचें बूड यांच्यामध्यें पोलादाची एक गुळगुळीत गोळी ठेवतात. सायकलच्या चाकांत छरे असतात तशी. साऱ्या पक्ष्याचा भार त्या एका गोळीवर फिरतो, व पावसाचें पाणी टोपीच्या आंत शिरत नाहीं.

येथवर घडण झाली, आतां राखण. तांब्यावर काळेंकरून हिरवट थर चढतो व तोच त्याचें रक्षण करतो. साध्या पोलादाचें तसें नाहीं. त्याचा गंज पापुद्र्यापापुद्र्यानें सुटतो आणि खालचें नवें पोलाद हवेच्या तोंडीं देतो. म्हणून रंग देण्यापूर्वीं पत्र्यावरील कारखान्याची काळी पपडी आम्लानें किंवा वाळूच्या माऱ्यानें निखालस काढावी लागते. ती राहिली तर रंगासह गळून पडते. कडा किंचित् गोल कराव्या लागतात, कारण धारदार कडेवर रंग ठरत नाहीं, आणि गंजाचा पहिला शिरकाव तेथूनच होतो. पूर्वीं पहिला हात जवसाच्या तेलांत कालविलेल्या शेंदराचा असे. आपल्या मारुतीला जो लावतात तोच हा शिशाचा शेंदूर. तो विषारी असल्यामुळें आतां त्याचा वापर मागें पडला आहे. १८३७ मध्यें सोरेल नांवाच्या फ्रेंच गृहस्थानें लोखंडाला जस्ताचा मुलामा देण्याच्या रीतीचा हक्क घेतला. या मुलाम्याची खुबी अशी, कीं कोठें ओरखडा पडला तरी जस्त स्वतः झिजतें व पोलादाला वांचवितें. त्यावर काळा रंग, आणि तुऱ्यावर किंवा बाणाच्या टोकावर सोन्याचा वर्ख. सोन्याला गंज नाहीं, म्हणून कळसावर तें केवळ वैभवासाठीं नसतें. एक गोष्ट मात्र अननुभवी कारागीर विसरतो : जस्ताला व रंगालाहि वजन आहे, आणि तें शेपटाकडे अधिक चढतें. म्हणून सर्व साज चढल्यावर तोल पुन्हा पाहावा लागतो.

सजावटीचा सगळा भाग काढून टाकला म्हणजे उरतें तें वेधशाळेंतील यंत्र. मुंबईची कुलाबा वेधशाळा १८२६ मध्यें स्थापन झाली, आणि तेथें हवामानाच्या नोंदी १८४१ पासून होऊं लागल्या. हिंदुस्थानच्या हवामानखात्याचें मुख्य ठाणें १९२८ मध्यें सिमल्याहून पुण्यास आलें, म्हणून त्या इमारतीला पुणेकर अद्यापि ‘सिमला ऑफिस’ म्हणतात. अशा ठिकाणच्या वातदर्शकावर ना कोंबडा ना ड्रॅगन; उघड्या जागीं, जमिनीपासून १० मीटर उंचीवर, एक साधा बाण व त्याचें शेपूट. आतां तर कित्येक ठिकाणीं ध्वनिलहरींवरून वारा ओळखणारीं, मुळींच न फिरणारीं यंत्रें बसलीं आहेत. पण जेथें जेथें बाण फिरतो, तेथें नियम तोच आहे, जो ड्राउनच्या नाकतोड्याला होता : क्षेत्र विषम, वजन सम, आणि आंस मोकळा.

या तिहींत शेवटची अट सर्वांत नाजूक होय. आकृति बिघडली तर ती खालून दिसते. रंग उडाला तर तोहि दिसतो. परंतु टोपीच्या आंत, गोळीच्या भोंवतीं गंज धरला, तर खालून कांहींच दिसत नाहीं. अडकलेला वातकुक्कुट मोडून पडत नाहीं, कीं आपण अडकलों असें सांगत नाहीं. तो पूर्वींच्याच दिमाखानें एका दिशेकडे चोंच करून राहतो. वारा नैर्ऋत्येचा सुटला तरी त्याचें आपलें ईशान्यच. आणि आठ दिवसांतून एखादे वेळीं वारा खरोखर ईशान्येचा झाला, म्हणजे पाहणारास त्याचें खरेंहि वाटतें. न हालणारा वातकुक्कुट दुरून मोठा निश्चयी दिसतो. जेम्स राजाच्या छपरावरील पक्षी तसा पश्चिमेकडे चोंच करून बसला असता, तर राजाला चार दिवस सुखाची झोंप लागली असती. गलबतें मात्र थांबलीं नसतीं.

यावरून त्या उपमेचा विचार करावा. वातकुक्कुट फिरतो खरा, पण आपल्या लाभाकडे पाहून फिरत नाहीं. त्याचा दांडा जागचा ढळत नाहीं, त्याचा तोल बिघडत नाहीं, आणि वारा कितीहि मोठा असला तरी तो त्याला पाठ दाखवीत नाहीं. मत बदलणाऱ्या माणसांत वाऱ्याबरोबर वाहत जाणारे पुष्कळ असतात. त्यांना पाचोळ्याची उपमा शोभेल. नव्या पुराव्याकडे तोंड वळविणारे थोडे असतात. त्यांस वातकुक्कुट म्हटल्यास तो त्यांचा गौरव समजावा. आणि ज्यांचीं मतें एकदां ठरलीं तीं ठरलीं, त्यांनींहि आपला निश्चय खरोखर निश्चय आहे, कीं टोपीखालचा गंज आहे, हें अधूनमधून पाहून घ्यावें. कळसावर चढणारे जुने कारीगर वर्षाकाठीं तेलाची कुपी बरोबर नेत; सोन्याच्या वर्खाला हात लावण्यापूर्वीं ते टोपी उचलून गोळीवर दोन थेंब सोडीत.